दोन सूत कमी

पेण,
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

रा. रा. महिपतीराव व्याही यांस,
स. न. वि. वि.

परवा रविवारी सुतारकामाचा वर्ग आटोपून नूरमहंमदभाईंच्या पडवीतून तुम्ही रोह्याची गाडी गाठायला पळालात आणि तुमचा गुण्या इथेच राहिला. काटकोन तपासायचं साधन आता माझ्या घरात आहे आणि तरीही माझ्या लाकडाचा एकही कोपरा काटकोनात नाही. तुम्हाला याचं नवल वाटणार नाही, एवढी आपली ओळख आता झाली आहे.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं विचाराल. फोनवर बोललं तर दिपिका ऐकते. माझी लेक आणि तुमची सून असल्यामुळे तिचा एक कान पेणला आणि एक रोह्याला असतो. ‘रंधा मंडळी’ ग्रुपवर लिहावं तर मस्कतपासून मंचरपर्यंतचे चाळीस हौशी सुतार वाचतात आणि खाली अंगठा टाकतात. तो शाबासकीचा की ठेंगा, हे मला अजून उमगलेलं नाही. आणि काम तडीला जाईपर्यंत दिपिकाला कळता कामा नये, असं आपलं ठरलंच आहे. पोरीची एकदा आशा लावायची आणि मग तोंड लपवायचं, हे मला झेपणार नाही.

दिपिकाच्या शर्वीला सहावं लागलं. तोंडाने अशी तिखट की माझीच फिरकी घेते, पण कमरेत जोर नाही. दोन्ही हात टेकून बसते, हात उचलला की कलंडते. मोठ्या बाईंनी शाळेत नाव घातलं आहे, पण कुणी न धरता वर्गात बसता आलं पाहिजे असं सांगितलं आहे. नाहीतर अजून एक वर्ष घरी, असं दिपिका म्हणते. गेल्या वर्षीही ती हेच म्हणाली होती. तिला आधाराने बसता येईल अशी आपली ही खुर्ची जूनच्या आत झालीच पाहिजे, महिपतीराव.

ठरल्याप्रमाणे पाय आणि चौकट तुमच्याकडे, बसायची फळी आणि पाठ माझ्याकडे. लाकूड हमरापूरच्या पाटवाल्याने निवडून दिलंय. गणपतीखाली चालतं तर नातीखालीही चालेल म्हणाला. मी जन्मभर मूर्तींचे डोळे आखले. मूर्ती बिचारी गप्प बसते. लाकूड रंध्याखाली ओरडतं, याची मला सवय नाही. फळीचं नेमकं माप कळवावं.

मुलीच्या बापाने नमतं घ्यायचं असतं, म्हणून जे काही चुकेल ते आत्ताच माझ्या नावावर मांडून ठेवावं. लोभ आहेच, तो डिंक वाळेपर्यंत तरी टिकवावा.

आपला,
कमळाकर


रोहा,
१४ एप्रिल २०२५

श्री. कमळाकरराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. पेणहून रोह्याला माणूस तासाभरात येतो आणि पत्र चार दिवसांनी, पण पत्र मध्येच वडापाव खायला उतरत नाही, हा त्याचा गुण.

मी कंपनीत चौतीस वर्षं फिटर होतो. लोखंडाला सांगितलं की ते ऐकायचं. लाकडाला रेषा असतात, गाठी असतात आणि स्वतःचं मत असतं, हे मला या वयात कळतंय. पहिला पाय तासता तासता इतका गोल आणि बारीक झाला की आमच्या सौ.नी तो स्वयंपाकघरात नेला. लाटणं म्हणून उत्तम आहे. आणखी तीन तसेच करा, नणंदांना द्यायला होतील, असं म्हणाल्या.

गुरुवारचा ऑनलाइन वर्ग तुम्ही बुडवलात. नूरमहंमदभाई खाच आणि कुसू शिकवणार होते, म्हणजे एका लाकडाला भोक आणि दुसऱ्याला त्यात जाणारी जीभ. त्यांनी फोन रंगाच्या डब्याला टेकवला आणि तो हळूहळू मागे कलला. पुढचा अर्धा तास चाळीस जणांनी त्यांचा पंखा पाहिला. कुणी बोललं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं बिघाड आपल्याच फोनमध्ये आहे. शेवटी आमनाभाभी चहा घेऊन आल्या आणि अहो, छताला काय शिकवता, असं म्हणाल्या तेव्हा उलगडा झाला. मी कुसू नुसत्या आवाजावरून शिकलो. तरी बरी जमली.

आता माप. चौकट आतून चौदा इंच आहे. फळी दोन्ही बाजूंनी दोन दोन सूत कमी ठेवा. मग अलगद बसेल आणि पावसात फुगली तरी अडणार नाही. चौकट २६ तारखेच्या शनिवारी ओळखीच्या कंडक्टरकडे देतो, स्टँडवर उतरवून घ्या. रविवारी तुम्ही जोडा, मी इथून व्हिडिओवर पाहतो.

गुण्या ठेवून घ्या. तुम्हाला जास्त गरज आहे.

आपला,
महिपती


पेण,
२८ एप्रिल २०२५

रा. रा. महिपतीराव यांस,
स. न. वि. वि.

काल व्हिडिओवर ऐन वेळी तुम्हाला पंखाच दिसला असेल. त्या पडवीत फोन पडायचा तो उलटाच पडतो. तुम्ही जे ऐकलंत ते असं घडलं.

फळी चौकटीत जाईना. नूरमहंमदभाई म्हणाले, घासून घ्या. पण चाळीस माणसं बघत असताना घासत बसायची मला लाज वाटली, म्हणून मी हातोडी घेतली. पहिल्या घावाला फळी अर्धी आत गेली आणि ग्रुपवर अंगठे आले. दुसऱ्या घावाला फोन उलटला आणि तुमची चौकट खालपासून वरपर्यंत उकलली. तो जो आवाज तुम्ही ऐकलात तो तिचा. त्यानंतरचा माझा.

मग भाईंनी मला शांतपणे विचारलं, की दोन सूत कमी ठेवलंत ना? मी म्हटलं, ठेवलं की. आणि खिशातून दोरा काढून दाखवला. महिपतीराव, आमच्या मूर्तींच्या कारखान्यात सूत म्हणजे सूत, मूर्तीच्या मधोमध धरायचा दोरा. मी तो दुहेरी करून फळीच्या कडेला लावला आणि त्याच्या जाडीएवढं लाकूड काढलं, तेही श्वास रोखून, पॉलिश पेपरने. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, हे फिटर-सुतारांच्या जगात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, असं मला काल कळलं. वर मी आमनाभाभींना सांगत होतो, की आमच्या व्याह्यांचं काम फार नाजूक, दोऱ्याने मोजतात.

हसून झालं असेल तर पुढचं वाचा. दिपिका माहेरपणाला आली आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला जेवायला बोलवायला ती नेमकी तेव्हाच पडवीत आली, शर्वी कडेवर. तिने चौकट पाहिली, मापांचा कागद पाहिला आणि सगळं समजली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, की बाबा, यावर मी तिला बसवलं असतं. मला खाली बघावं लागलं. शर्वीने मात्र विचारलं, ही खुर्ची माझी हाय का, आणि मोडली कोणी.

भाईंनी रदबदली केली. दिपिका अखेर कबूल झाली, पण तिची अट ऐका. नवी खुर्ची झाली की आधी दोन्ही आजोबांनी तिच्यात बसून दाखवायचं, मग पोर.

एक गोष्ट चांगली झाली. भाईंची भाची अरीबा ग्रुपवर कतारहून असते. तिने धाकट्या भावासाठी अशीच खुर्ची केली होती. तिने नकाशा काढून पाठवला. पाय सरळ नकोत, खाली फाकलेले हवेत, म्हणजे कितीही कललं तरी उलटत नाही. दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या, पावलं टेकायला फळी, कमरेला रुंद पट्टा. आपली पहिली खुर्ची धड जोडली गेली असती तरी सरळ पायांवर उभी राहिली असती, हा विचार आला की अंगावर काटा येतो. ती मोडली हे बरंच झालं.

येत्या रविवारपासून तुम्हीच पेणला या. आपण एकाच पडवीत, एकाच पट्टीने मोजू. जेवण आमच्याकडे. विहीणबाईंना लाटण्याबद्दल अभिनंदन कळवावं.

आपला लाजलेला,
कमळाकर


रोहा,
२२ मे २०२५

श्री. कमळाकरराव यांस,
स. न. वि. वि.

नवी खुर्ची रविवारी रात्री सुखरूप पोचली. गाडीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली, मी उभा होतो.

सोमवारी परीक्षा झाली. दिपिकाने अंगणात खुर्ची ठेवली. आळीतली माणसं कुणी न बोलावता जमली. मी धोतर सावरून बसलो. खुर्ची चौदा इंचांची आणि मी किती इंचांचा ते तुम्ही जाणताच. कुरकुरली नाही, हलली नाही. दिपिकाने मला डावीकडे ढकललं, उजवीकडे ढकललं, पाठीमागून ओढलं. सुनेला सासऱ्यावर एवढी संधी पुन्हा मिळणार नाही. अरीबाचे पाय जागचे हलले नाहीत.

मग उठायची वेळ आली. कमळाकरराव, मी उठलो तेव्हा खुर्चीही उठली. अंगणात दोन फेऱ्या तशाच मारल्या. सौ.नी साबणाचं पाणी आणलं. शेजारच्या दोघांनी खुर्ची धरली, दोघांनी मला. शर्वी इतकी हसली की तिला उचकी लागली. माझं वजन तुमच्या दीडपट, तेव्हा तुमची परीक्षा माझ्यातच धरली आहे असं दिपिकाने जाहीर केलं. पेढे वाटा.

आता खरं सांगतो. शर्वी तिच्यात बसते. पट्टा लावला की पाठ सरळ राहते, मान वर राहते. पण दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून बसते. बोटं पांढरी होतात. सोड म्हटलं की नाय म्हणते. पुढे पाटी ठेवली, खडू ठेवला, आंब्याची फोड ठेवली. तोंड पुढे करते, हात सोडत नाही. इतकी वर्षं हातांवरच बसलेली पोर ती, तिचा लाकडावर भरवसा कसा बसायचा?  दिपिकाने दप्तर अजून आणलेलं नाही, एवढं पाहिलं.

खुर्ची आपण बरोबर केली, आणि तरी मला चैन नाही.

आपला,
महिपती


पेण,
३० मे २०२५

रा. रा. महिपतीराव यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. आमच्या सौ.ना मी उन्हाळ्याचं कारण सांगितलं आहे.

ग्रुपवर नाव न घेता विचारलं. चाळीस जणांनी सत्तर उपाय दिले. एकाने कडांना तेल लावा म्हणजे हात सटकतील असं सुचवलं, त्याला भाईंनी ग्रुपमधून काढला.  रंधा कसा धरावा हे दुसऱ्याला शिकवता येतं, पडवीतही आणि फोनवरही. हात कसा सोडावा हे कसं शिकवतात, मला ठाऊक नाही. तिला आग्रह करू नका एवढंच म्हणतो. आणि दप्तर आणा. दिपिका नाही म्हणाली तरी आणा, माझं नाव सांगा.

आमचं मूर्तींचं काम आता जोरात सुरू झालं आहे, शाळेच्या दिवशी येता येणार नाही. डोळे आखायला बसण्याआधी हे पत्र लिहून टाकलं.

आपला,
कमळाकर


रोहा,
१६ जून २०२५

श्री. कमळाकरराव यांस,
स. न. वि. वि.

दप्तर आणलं, निळं. तुमचं नाव सांगितलं, दिपिका हसली.

आज सकाळी खुर्ची वर्गात नेली. पहिल्या ओळीत, भिंतीकडेला. शर्वीला बसवलं, पट्टा लावला. तिने कडा धरल्या, नेहमीसारख्या. मी खिडकीबाहेर उभा राहिलो. पाऊण तास तरी उभा असेन. तिने एकदाही हात सोडला नाही. मग बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आजोबा, तुम्ही दिसताय तोवर ती तुमच्याकडेच बघणार, घरी जा. मला हाकलून लावलं म्हणा ना. घरी येऊन मी तीन वेळा चहा घेतला आणि सौ.शी विनाकारण भांडलो.

सुटायच्या वेळी दिपिका आणि मी गेलो. बाई दारातच उभ्या होत्या, चेहरा गंभीर.  दिपिकाने माझा दंड धरला. बाई म्हणाल्या, तक्रार आहे. मधल्या सुट्टीत एका मुलाला ती खुर्ची हवी झाली. आधी मागितली, मग ओढायला लागला. शर्वी त्याला म्हणाली, माझी हाय. तो ऐकेना. तेव्हा तिने त्याला असा चिमटा काढला की पोराने वर्ग डोक्यावर घेतला. पहिल्याच दिवशी हे बरं नव्हे, घरी समज द्या, असं बाई म्हणत होत्या.

दिपिकाने विचारलं, कुठल्या हाताने?

बाईंना प्रश्नच कळला नाही. तिने पुन्हा विचारलं, की चिमटा कुठल्या हाताने काढला. बाई थोड्या रागावूनच म्हणाल्या, एका कुठल्या? चांगला दोन्ही हातांनी काढला.

त्यानंतर तुमची लेक शाळेच्या दारात बसून जी रडायला लागली, ती अजून मधूनच रडते आहे आणि मधूनच शिरा ढवळते आहे. बाईंची मी माफी मागितली. उद्या त्या मुलालाही शिरा देणार आहे.

आपला,
महिपती