एकसष्ट घरांच्या ध्वनिफिती

मी, एल्मिना गोगें, वय वर्षे सत्तर, पूर्वी शिक्षिका व नंतर समाजशास्त्राची संशोधक, राहणार काप-ओ-सेल, न्यू ब्रन्सविक, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. मला कोणी फूस लावलेली नाही की धाकदपटशा दाखवलेला नाही. मी रागात आहे हे खरे; पण राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असा दाखला डॉ. लिसां द्युगे यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मी लग्न केले नाही, मूलबाळ नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. त्या वेळी द्यायला काही नव्हते, आणि सांगायला धीर नव्हता.

कलम १. माझ्यामागे सर्व व्यवस्था वकील नॉर्मां सोनिये यांनी पाहावी. माणूस चेंगट आहे, पण कागदाला खोटे बोलू देत नाही. मला तेवढे पुरे.

कलम २. वडिलांच्या सापळे विणायच्या लाकडी सुया आणि कड्या वाकवायचा साचा, गावात जो कोणी अजून शेवंडांचे सापळे हाताने करतो त्याला द्यावा. कोणीच करत नसेल तर चुलीत घालावा. काचेच्या कपाटात ठेवून खाली चिठ्ठी लावणाऱ्या मंडळींना देऊ नये. आमच्या गावाला चिठ्ठ्या लावून झाल्या आहेत.

कलम ३. प्रा. ओनेझिम गारां यांचा १९७२ सालचा अहवाल माझ्या टेबलावर आहे. तो त्यांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावा. समासात मी तांबड्या शाईने लिहिले आहे. तो मजकूर न पुसता फडताळावर ठेवणार असतील तरच. यामागची हकिकत मी इथेच लिहिते, कारण ती दुसरीकडे कोणी छापली नाही.

१९७०च्या हिवाळ्यात गारांसाहेब शहरातून आमच्या गावी आले. सोबत बोलणे फितीवर भरून घ्यायचे यंत्र. आमची फ्रेंच शहरासारखी नाही. तीत जुने खलाशी शब्द आहेत आणि इंग्रजी शब्दही आहेत, कारण मासळीच्या कारखान्याचा मालक इंग्रज होता. मी बावीस वर्षांची, गावच्या शाळेत शिकवत होते. साहेबांनी मला बोलावले.

"तुम्ही घरोघरी जाऊन विचारा," ते म्हणाले. "मी विचारलं की बायका पुस्तकासारखं बोलतात, नाहीतर तोंडाला कुलूप लावतात."

"साहेब, त्या तुम्हाला बिचकतात."

"तेच तर. तुम्हाला बिचकत नाहीत."

हे शाळेसाठी आहे, आपली मुले आपल्या भाषेत शिकू शकतात हे सरकारला दाखवायचे आहे, असे त्यांनी मला सांगितले. मी तेच एकसष्ट स्वयंपाकघरांत सांगितले. लोकांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि यंत्रासमोर मन मोकळे केले. कोणी बुडालेल्या भावाबद्दल बोलले, कोणी सासूच्या चुगल्या केल्या. माझ्या थोरल्या बहिणीची, झेल्दाची, सात वर्षांची ओदिल पाऊण तास बोलत होती. प्रत्येक फितीच्या डब्याला मी स्वतः झाकणावरून कागदी पट्टी चिकटवली, ती फाडल्याशिवाय डबा उघडत नसे; तिच्यावर क्रमांक घातला.

साहेबांनी मुलांची आणखी एक परीक्षा घेतली. चित्र दाखवायचे, मुलाने नाव सांगायचे. चित्रे होती सरकत्या जिन्याची, भुयारी रेल्वेची, रंगमंचाच्या पडद्याची. आमच्या गावात दोन मजली इमारत एकच, ती म्हणजे पाद्र्याचे घर. ओदिलने भुयारी रेल्वे बघून विचारले, "ही बोट जमिनीखालून का चालली, मावशी?" साहेबांनी शून्य लिहिले. मी हसले होते. ते हसू मला आजही टोचते.

अहवाल आला. पान ८८: "बालक क्र. १४, मुलगी, वय ७. दोन्ही भाषांत एकही पूर्ण वाक्य नाही. मातृभाषा म्हणता येईल अशी भाषाच आढळत नाही." सगळ्या गावाबद्दल थोड्याफार फरकाने हेच. आणि पहिल्या पानावर: "कु. एल्मिना गोगें यांच्या बहुमोल साहाय्याशिवाय हे कार्य अशक्य होते."

शिक्षणखात्याला निमित्तच हवे होते. त्यांचा माणूस सभेत सरळ म्हणाला, "वाचवायला भाषा असावी लागते. इथं भाषाच नाही, तर शाळा कुणासाठी?" १९७३च्या जूनमध्ये शाळेला कुलूप लागले. मुले बसने शहरातल्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली. तिथे अहवालाच्या जोरावर ओदिलला मंदबुद्धी मुलांच्या वर्गात बसवले.

कलम ४. माझ्या बहिणीला मी काही देऊ शकत नाही. ती १९९२ साली वारली. पण तिचे माझ्याकडे येणे आहे, ते कबूल करते. शाळा बंद झाल्याच्या आठवड्यात ती अहवाल घेऊन माझ्या दारात आली.

"हे नाव तुझंच ना?"

"झेल्दा, मला फसवलं गं त्यांनी."

"तुला फसवलं, आणि माझ्या पोरीचं काय केलं? माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन तू तिला मुकी ठरवलीस."

"मी नाही लिहिलं ते."

"दार तर तू उघडून दिलंस."

त्यानंतर एकोणीस वर्षे ती माझ्याशी बोलली नाही. चर्चमध्ये एका बाकावर बसायचो, मधे माणूसभर जागा सोडून. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी सूप घेऊन गेले, तर तिने तोंड भिंतीकडे फिरवले. मी तिला दोष देत नाही. दोष कोणाचा ते वर लिहिले आहे.

कलम ५. एकसष्ट ध्वनिफिती. याच माझी खरी मिळकत.

एकतिसाव्या वर्षी मी विद्यापीठात नाव घातले, ते ज्ञानाच्या ओढीने नव्हे. त्यांचे हत्यार कसे धरतात ते शिकायला. १९८६ साली विभागाच्या तळघरात जुने सामान कचऱ्यात काढत होते, त्यात मला आमचे डबे सापडले. मी मोजले. नऊ डबे उघडलेले होते. बावन्न डब्यांवर मी चिकटवलेली पट्टी जशीच्या तशी होती. चौदा नंबरचीसुद्धा. त्यांनी ओदिल ऐकलीच नव्हती! मी सगळे डबे गाडीत घालून घरी आणले. याला चोरी म्हणायची असेल तर खुशाल म्हणावे. मी मेले आहे.

ओदिलच्या फितीत चारशे बारा पूर्ण वाक्ये आहेत. हे एक: "बाबा म्हनतात, सापळ्याचं तोंड लई मोठं ठिवलं तर शेवंड आत येतो, फुकटचं खातो नि आल्या वाटंनं निघून जातो, म्हनून तोंड असं करायचं की येताना वाटावं घर हाय, नि जाताना कळावं की नव्हतं." सात वर्षांची पोर. भाषा आढळत नाही म्हणे!

यावर मी शोधनिबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी परत केला. एकाने कळवले, "लेखिकेचा सूर भावनिक आहे." मग १९९७ साली गारांसाहेबांचा सत्कार होता, तिथे मी यंत्र घेऊन गेले. प्रश्नांची वेळ आल्यावर उभी राहिले आणि तेच वाक्य सगळ्या सभागृहाला ऐकवले.

"सर, हा डबा तुम्ही उघडला होता का?"

"बाई, एकेका फितीवर संशोधन चालत नसतं."

"एकसष्टपैकी बावन्न बंद होते. मग चाललं कशावर?"

त्यांनी मला निरखून पाहिले. ओळख पटली असावी. "त्या काळी आमची तशी समजूत होती," म्हणाले. कोणीतरी माझा माइक बंद केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी.

ते वारले. मी माफ केलेले नाही. मेल्यावर करीन असेही कोणी समजू नये.

तरी, प्रत्येक फीत ज्या घरातली त्या घराला परत द्यावी. घर उरले नसेल तर जवळच्या नातेवाइकाला. एकही फीत कोणत्याही विद्यापीठाला देऊ नये. कोणाला अभ्यास करायचा असेल त्याने त्या त्या दारावर जाऊन परवानगी मागावी, आणि चहा दिला तर आधी तो प्यावा.

कलम ६. माझ्या प्रेतयात्रेनंतर डुकराचे मांस भरलेले बटाट्याचे गोळे करावेत, भरपूर करावेत. विद्यापीठातून कोणी भाषण करायला आल्यास त्याला ताट द्यावे, व्यासपीठ देऊ नये.

कलम ७. माझे राहते घर व त्याखालची जागा मी ओदिलला देणार होते. ती आता पंचावन्न वर्षांची आहे, शहरात बस चालवते. आज सकाळी मी तिला बोलावून घेतले आणि चौदा नंबरची फीत लावली. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पाऊण तास हलली नाही.

"ही मी?" तिने विचारले.

"तूच."

"मला तर वाटायचं मी खरंच..." मग म्हणाली, "आई ऐकायला पाहिजे होती, मावशी."

मी फीत तिच्या हातात दिली. ती आता तिची आहे, या कागदाशी त्या फितीचा संबंध नाही. मग घराचे कलम वाचून दाखवले. सही करायला एक साक्षीदार कमी होता. ओदिल म्हणाली, "मी करते." सोनिये वकिलांनी सांगितले की ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही; झाल्यास त्याचा वाटा रद्द होतो. शेजारणीला बोलावू का, असे त्यांनी विचारले.

"नको," ओदिल म्हणाली. "घर राहू दे."

"अगं वेडे, घर आहे ते. समुद्रावरचं."

"मावशी, घर मला कुणीही देईल. पण मी कागदावर सही केली तर तो खरा ठरतो, असं आजवर मला कुणी म्हणालं नाही."

मी तिच्याशी पुष्कळ भांडले. ती आईसारखीच हट्टी निघाली. म्हणून हे घर गावातल्या बायका चर्चच्या सभागृहात जो फ्रेंच बालवर्ग चालवतात त्याला द्यावे. त्यांनी इथे मुले बसवावीत आणि त्यांना हवे तसे बोलू द्यावे.

याप्रमाणे मृत्युपत्र पुरे केले. एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

एल्मिना गोगें (सही)
काप-ओ-सेल, दिनांक १२ ऑक्टोबर २०१८

साक्षीदार:

१. तेलेस्फोर बास्ताराश, निवृत्त मच्छीमार, राहणार काप-ओ-सेल. बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. (सही)

२. ओदिल लेजे, बसचालक. बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला असून मला अक्षरन्‌अक्षर समजला आहे. (सही)