कन्हान स्टेशनावरून उचललेली टोळी

तीर्थस्वरूप साडभाऊ गणपतराव यांस,

खाप्याहून विश्वनाथचा दंडवत. आम्ही सारे बरे आहोत, कापूस तेवढा बरा नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मंचावर उभं राहून "बाहेरचे मजूर हाकला, गावच्या पोरांले काम द्या" असं तासभर ओरडले, तेव्हापासून धरला म्हणे. गावची पोरं मी बोलावली होती, बरं का. एकच आला. वावरात फोटो काढला, चहा पिला अन् गेला.

इकडं वावर पांढरंफक्क फुटलं आहे अन् शनिवारी पाऊस सांगून राहिले. भिजला तर कापसाले कुत्रं विचारत नाही. म्हणून काल कन्हान स्टेशनावर गेलो. काय तमाशा, साडभाऊ! बालाघाटची गाडी यायची, अन् झाडून सारे मालक फलाटावर. कोणी समोसे आणले, कोणी थर्मास, एकानं तर हार! (हेच लोक गेल्या साली मजुरांले गोठ्यात झोपवत होते. सख्खा मामा आला तर चौकापर्यंत जात नाहीत.) लाज म्हणून नाही. मी सरळ शेवटच्या डब्याकडं गेलो. वीसेक माणसं, गाठोडी, पेट्या, बायापोरं. विचारत बसलो असतो तर दुसऱ्यानं पळवली असती. वाकून नमस्कार केला, गाठोडी स्वतः उचलली, सारी टेम्पोत कोंबली. तीही मुकाट बसली.

वावरात उतरवून हाती झोळ्या दिल्या, तर म्हातारा मलेच म्हणते, "समधीजी, पहले पानी तो पिलाओ." काय मिजास! एक पोरगा पिवळाजर्द. त्याले म्हटलं, काविळीचं नाटक इथं चालणार नाही, पहिली ओळ तूच धर. तशा बाया रडाले लागल्या. तुमच्या साळीनं मले बाजूले ओढलं, "अहो, हळद आहे ती! नवरदेव होय तो!"

वऱ्हाड होतं, साडभाऊ. तेही नत्थूजी मुकादमाच्या पोरीचं! साऱ्या तालुक्याले मजूर आणून देणारा माणूस, अन् मी त्याच्या जावयाले कापूस वेचाले लावत होतो.

आपला,
विश्वनाथ

ता. क. : वऱ्हाड आहे हे समजलं असतं तर हातही लावला नसता. मी ती तुम्ही गुपचूप मागवलेली मजुरांची टोळी समजून उचलली होती. राग मानू नका.

आणखी एक ता. क. : नत्थूजीचा निरोप आला. उद्याच्या लग्नात पंगत वाढाले त्याले गावात माणसं मिळून नाही राहिली. दोन मालक वाढाले आले तर परवा दोघांच्याही वावरात टोळी, नाहीतर दोघांनीही आपापला कापूस आपणच वेचावा. भात मी घेतो. वरणाच्या बादलीवर तुमचं नाव सांगून बसलो आहे.