मूठ नसलेली तलवार

प्रिय दादा,

'प्रिय' वगैरे म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती, पण पत्राला मायना लागतो म्हणून लिहिलंय. लगेच हवेत जाऊ नकोस.

पत्राचं कारण असं की काल खंडेनवमी झाली आणि तुझ्या घरी एका तलवारीला गुण द्यायची वेळ माझ्यावर आली. दिसण्याचे गुण मी द्यायचे आणि उपयोगाचे तू, ही आपली वाटणी. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा नियमही तुझाच. काल तो मला मोडावा लागला. तू जाऊन वर्ष उलटलं. आता तुझी खुर्ची किती दिवस अडवून ठेवायची?

आपण जादूच्या राज्यांचे ते सिनेमे का बघतो, हे वहिनीला लग्नानंतर कितीतरी दिवस कळलं नव्हतं. बिचारीला वाटायचं, आपल्याला गोष्टीत रस आहे! राजपुत्राला गादी मिळो नाहीतर जंगल मिळो, आपलं लक्ष त्याच्या कमरेकडे. तू कारखान्याच्या टूलरूममध्ये पोलाद घासणारा, मी सराफाकडे दागिन्यांची डिझाइनं काढणारी. पडद्यावर तलवार आली की पूर्वीचे लोक मुलगी बघायला जायचे तसं सुरू व्हायचं आपलं. दिसायला कशी आहे? आणि कामाला?

ती पेटती तलवार आठवते? पात्याचा रंग काय होता! मी नऊ दिले. तू शून्य. "मंजे, पातं पेटलं की मूठ तापणार नाही का? हा काय सांडशीनं धरणार?"

आणि दोन्ही बाजूंनी दाते असलेली? "ही करवत आहे. हिला बागेत पाठवा." चामड्याच्या म्यानातून तलवार काढताना खणकन आवाज झाला की तू थेटरात मोठ्यांदा म्हणायचास, "आत पत्रा घातलाय! धार गेली!" हडपसरच्या त्या मॉलमध्ये मागच्या रांगेतले आजोबा शेवटी पुढे वाकून म्हणाले होते, "आपण दोघांनी तिकिटं काढली आहेत, हे मान्य. आम्हीही काढली आहेत." तू त्यांना अदबीनं "सॉरी काका" म्हणालास आणि पुढच्याच लढाईला विचारलंस, "काका, तुम्हीच सांगा, एवढं रुंद पातं एका हातानं उचलेल का कोणी?" आजोबा म्हणाले, "नाही उचलणार. गप्प बसा."

पाठीवरच्या तलवारीचं तर विचारूच नकोस. पाठीवर बांधलेली लांब तलवार हात वर करून पूर्ण निघतच नाही, हात तोकडा पडतो, हे सिद्ध करायला तू सदऱ्याच्या मागे मोठी पट्टी खोचलीस आणि वहिनीची नवी ट्यूबलाइट फोडलीस. ती केरसुणी घेऊन आली तेव्हा म्हणालास, "बघ, निघाली नाही ना!" अरे, पण फुटली ना!

पडद्यावरच्या माणसाला वार कुठे बसणार, हे तुला तो बसायच्या आधी कळायचं. आणि स्वतःच्या छातीत दुखायला लागलं तर? "ॲसिडिटी आहे, थंड दूध पितो." दूध! दादा, तू एवढा हुशार माणूस, असा कसा रे वागलास? यावर मी तुझ्याशी भांडणार होते, पण तू भांडायला थांबलाच नाहीस.

असो. कालचं सांगते.

वर्षश्राद्ध झाल्यामुळे यंदा सण करायला हरकत नव्हती. दोन दिवस आधी वहिनीचा फोन आला. "मंजूताई, तुम्ही याच. सईनं तलवार पाटावर मांडायची म्हणून हट्ट धरलाय." कुठली तलवार ते मला विचारावं लागलं नाही. तू आणि सई, तुम्ही बापलेक रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसून करत होतात तीच. सईनं चित्र काढलं होतं आणि तू ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून कापायला घेतली होतीस. पात्याला लाटा, मुठीच्या वर दोन पंख. मी तेव्हाच तुला विचारलं होतं, "अरे, हे तू करतोयस?" तर म्हणालास, "गिऱ्हाईक कडक आहे." पातं झालं, पंख झाले. मूठ व्हायच्या आधी तू गेलास.

वहिनी पुढे म्हणाली, "हेच म्हणायचे ना, वर्षभर जे राबलं त्याचीच पूजा? मग ही अर्धवट तलवार कशी मांडू? पण सईला नाही म्हणायचा मला धीर होत नाही. ती हल्ली माझ्याशी भांडतसुद्धा नाही हो."

हे खरं आहे, दादा. तुला सांगायला नको वाटतं, पण तुझी पोरगी बदलली. आमटीत मीठ कमी पडलंय म्हटलं तर पुरावे मागणारी मुलगी ती! आता काहीही विचारा, "चालेल." क्लास बदलूया? चालेल. आत्याकडे राहतेस? चालेल. आणि आम्ही सगळे तिच्याशी इतकं मऊ बोलतो की मलाच माझी किळस येते. तलवार पाटावर मांडायची, एवढी एकच गोष्ट तिनं वर्षभरात मागितली होती.

काल सकाळी नारायण पेठेतून निघाले ती मांजरीला तुझ्या घरी पोचेपर्यंत स्कूटर आणि मी दोघीही तापलो होतो. पाटावर तुझा मापं घ्यायचा व्हर्नियर, तुझे पाने, वहिनीचा मिक्सर, सईची कंपासपेटी. मी माझी पक्कड नेली होती, ती ठेवली. या सगळ्यांवर ती तलवार आडवी, पंख पसरून. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "किती गं सुंदर! बाबांची आठवण. अगदी खरी वाटते हो." सई म्हणाली, "थँक्यू." तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

काकू गेल्यावर सई माझ्याकडे वळली. "आत्या, गुण सांग."

वहिनीनं तिच्यामागून मला खूण केली. दहा दे, असं.

मी तलवार उचलली आणि खिडकीशी नेली. म्हटलं, "दिसायला सहा."

"सहाच?"

"डावा पंख उतरलाय. लाटाही टोकाकडे दाटल्यात."

"आणि उपयोगाला?"

"ते तुझ्या बाबांचं काम."

"बाबा नाहीयेत," ती म्हणाली. इतकं सरळ तिनं ते पहिल्यांदाच म्हटलं. "तूच दे."

मूठ नाही, तेव्हा ती बसवायला ठेवलेला खालचा पट्टाच धरला. तो तळहातात रुतला. जरा फिरवली तर पंख मनगटाला घासला. काय करणार होते मी? तुझ्या नावाखाली तुला न पटणारे गुण कसे देऊ?

"शून्य," मी म्हणाले.

वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोरीच्या थोबाडीत मारली होती. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

आणि दादा, सई उसळली! "शून्य कसं? मूठ नसलेल्या तलवारीला उपयोगाचे गुण द्यायचेच नाहीत! बाबांचा नियम आहे! आणि पंख उतरलेला नाहीये, तो मुद्दाम आहे, मी चित्रातच तसा काढलाय, तुला काही कळत नाही आत्या!" बोट नाचवून, मान वाकडी करून, हुबेहूब तू. वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी आतून इतकी सुखावले होते की सांगता सोय नाही, पण चेहरा तसाच ठेवला.

"बरं," म्हटलं, "मग मूठ कर आणि आण. आत्ता आणलीस कशाला अर्धवट?"

"मला येत नाही मूठ करायला."

"मलाही येत नाही. मला कानातली येतात. शिकू दोघी."

ती तो पट्टा बघत राहिली. "हा बाबांच्या हाताच्या मापाचा आहे. त्यांनी धरून बघून खूण केली होती. मूठ त्यांच्याच मापाची करूया?"

"मग ती धरणार कोण गं?"

हे मी ठरवून बोलले नाही, तोंडातून गेलं. सईनं पट्ट्याभोवती स्वतःची बोटं गुंडाळली. पट्टा खाली बराच उरला. ती त्या उरलेल्या भागाकडे बघत होती, आणि मग ती रडली, दादा. तू गेलास त्या दिवशीही रडली नव्हती अशी, मोठ्यांदा, नाक गाळत. वहिनी तिला धरून बसली. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून मीही रडून घेतलं. मला तुझी फार आठवण येते रे. बाहेर सांगत नाही, तुला सांगते.

चहा घेऊन आले तर पाटावरून तलवार गेली होती. तिच्या जागी सईनं तुझी कानस ठेवली होती आणि तिला हळद लावत होती. "ही राबली आहे," एवढंच म्हणाली. मग चहा तोंडाला लावून म्हणाली, "साखर कमी आहे." कमी नव्हती. आम्ही दोघींनी ऐकून घेतलं.

तर आता माझं वचन ऐक. मूठ आम्ही करू. ती तुझ्या मापाची होणार नाही, सईच्या होईल. आई आपल्या कपड्यांना दुमड ठेवायची, तशी वाढत्या हातासाठी थोडी जागा ठेवीन. पुढच्या वर्षी जे गुण पडतील ते खरे पडतील. तुझी लेक म्हणून अर्धासुद्धा जास्त नाही. उरलेला पट्टा मात्र कापावाच लागेल, आणि तू केलेली खूण त्याच्याबरोबर जाईल. रागावू नकोस. तो मी कापणार नाही. सई कापेल, मी दुसरं टोक धरून ठेवीन.

तुझीच,
मंजू