अक्का, तुझा एकच इंग्रजी शब्द

प्रिय अक्का,

उद्या लातूरला बैठक आहे, तुझ्या गौरीची. तिच्या सासरची माणसं, आपल्याकडून दाजी, त्यांचे थोरले भाऊ आणि मी. आधी चहा होईल, हवापाण्याच्या गोष्टी होतील. मग कुणीतरी घसा खाकरून म्हणेल, "मावशीबाई, तुमीच सांगा पोरीला. तुमी शिकलेल्या." मी काय सांगायचं तेसुद्धा सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलंय. एकच शब्द सांगायचाय, आणि तो तुझा आहे.

म्हणून आज हे पत्र. शनिवारची दुपार आहे. कॉलेजातून आले, जेवले, गौरी आतल्या खोलीत झोपलीय. तू गेल्यापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलतच असते, पण आज तेवढ्यावर भागायचं नाही. दवाखान्यात शेवटी तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "सुमे, गौरीला सांग, जरा अ‍ॅडजस्ट करून ऱ्हा म्हणावं." आणि मी मान हलवली. मरणाऱ्या बहिणीपुढं दुसरं काय करणार होते? पण त्या हलवलेल्या मानेचं आता काय करू, अक्का?

सातवी शिकलेली तू. इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिताना अडखळायचीस. पण हा एक शब्द तू असा काही वापरलास की मी, नांदेडच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवणारी बाई, तोंडात बोट घालायचे! वरणात मीठ कमी पडलं, "अ‍ॅडजस्ट करून घ्या ओ." भरणीचं झाकण बसेना, "थांब, अ‍ॅडजस्ट करते." ऐन जेवणाच्या वेळी पाहुणे वाढले, "तुमी बसा, माझं मी अ‍ॅडजस्ट करते." एकदा जावेच्या पोराला ताप आला तर डॉक्टरला म्हणालीस, "रातभर झोपंला अ‍ॅडजस्टच झालं न्हाई लेकरू." डॉक्टर हसले, मी हसले, आणि आम्ही का हसतोय हे न कळता तूही हसलीस. मी तुला चिडवायचे, की अक्का, तुला इंग्रजीच्या पेपरला बसवलं तर सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर लिहून येशील. "पास तर करतील न्हवं?" तू विचारायचीस.

मागच्या आठवड्यात वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, अ‍ॅडजस्टला मराठीत काय म्हणायचं?" जुळवून घेणं, असं म्हटलं, पण ते मलाच पुरं वाटलं नाही. घरी येऊन मोठा शब्दकोश काढला. किती वर्षं शिकवतेय, पण हा शब्द आला कुठून हे कधी बघितलंच नव्हतं.

ऐक, तुलाही सांगते. शब्द लॅटिनमधला, फ्रेंचातून इंग्रजीत आला. मुळात त्याचा अर्थ होता जवळ आणणं, शेजारी आणून ठेवणं. मग मधल्या काळात लोकांनी त्याचं नातं चुकून दुसऱ्याच शब्दाशी जोडलं, ज्याचा अर्थ योग्य, न्यायाचं. तेव्हापासून नीट करणं, मापात आणणं हा अर्थ पक्का झाला. पुढची उदाहरणं वाचत गेले. घड्याळ, तराजू, खुर्चीची उंची, गाडीचा आरसा. सगळीकडं वस्तू हलते आणि माणूस आरामात बसतो! माणसानंच स्वतःला हलवायचं, हा अर्थ त्या शब्दाला बऱ्याच उशिरा चिकटला. आपल्याकडं मात्र नेमका तोच तेवढा आला आणि घराघरांत बायकांच्या वाट्याला गेला.

पण तुला तो शब्दकोशातून थोडाच मिळाला होता! तुला तो कुठं मिळाला ते मला ठाऊक आहे. तू विसरली असशील, मी नाही विसरले.

मी दहावीत होते. तुझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं असेल. न कळवता, हातात एक पिशवी घेऊन तू सकाळच्या गाडीनं उदगीरला उतरलीस आणि तिथून आपल्या गावी चालत आलीस. अप्पा ओसरीवर होते. त्यांनी पिशवीकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "जेवून घे." अव्वानं भाकरी टाकली, शेंगाची चटणी वाढली. तू खाली मान घालून जेवलीस. तुझा हात धुऊन होतोय तोवर अप्पांनी टोपी घातली होती. "चल, सोडून येतो. दुपारची गाडी हाय." तू अव्वाकडं बघितलंस. अव्वा चुलीत फुंकत होती, चूल चांगली पेटलेली असताना.

मी हट्टानं सोबत आले. लातूरची गाडी ठेचून भरली होती. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, तिथं चौघी बसतेत! जरा अ‍ॅडजस्ट करा की!" तू कडेला टेकलीस, अर्धी आत अर्धी बाहेर, पिशवी मांडीवर. दांडीला धरून उभे असलेले अप्पा वाकून म्हणाले, "ऐकलं का बाई? अ‍ॅडजस्ट करावं लागतंय. समद्यालाच करावं लागतंय." तू माझ्या कानात विचारलंस, "म्हंजी काय गं?" शाळेत नुकताच झालेला शब्द. मी ऐटीत अर्थ सांगितला. तू "हाव का," एवढंच म्हणालीस आणि खिडकीबाहेर बघत राहिलीस.

काय झालं होतं गं त्या दिवशी मुरुडला, तुझ्या सासरी? कशासाठी आली होतीस? पुढं किती वेळा विचारलं तुला! दरवेळी तू हसून वेणी घालायला बसवायचीस मला. आता कुणाला विचारू?

आणि पोटाचं दुखणं? तेही तसंच दडवलंस ना? दाजी वाईट नाहीत, अक्का. दुकानातून उठून तुला दवाखान्यात नेलं नसतं असं नाही. पण तू कळू दिलंस कुठं! ओवा चावलास, गरम पाण्याची बाटली पोटाशी धरलीस, आणि वर सणाच्या पुरणपोळ्या लाटल्यास. फोनवर मला म्हणायचीस, "तब्येत मजेत हाय, तुझंच सांग." खोटारडी! लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय केलंत?" तेव्हा तू त्यांना कुठलं उत्तर दिलंस हे मी इथं लिहायची गरज नाही. तेव्हा मात्र कुणीही हसलं नाही.

आता तुला न सांगितलेली गोष्ट सांगते. तू तिथं होतीस, पण तुला कुठून कळणार!

तू गेलीस त्या सकाळी शेतात माणसं पाठवली. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, आणि मुरुडच्या तुमच्या भावकीत खड्ड्याचं माप गेलेल्याच्याच पावलानं घ्यायची रीत. माणसं घाईत होती. कुणीतरी दारातली तुझी चप्पल उचलून दिली, याच मापानं खणा म्हणून. रोज तीच तर घालायचीस तू. माणसांनी मोजलं, खणलं, दुपारपर्यंत खड्डा तयार.

तुला सजवून खुर्चीत बसवून शेतात आणलं. कपाळाला विभूती, हातात तुझं गळ्यातलं इष्टलिंग, मांडीवर बेलाची पानं. किती देखणी दिसत होतीस! स्वामींनी मंत्र म्हटले, चौघं खाली उतरले, तुला आत घेतलं, आणि तू मावेनास. गुडघे कडेला अडायला लागले. वर खाली बघाबघी झाली. मग दाजींचा पुतण्या खालून म्हणाला, "जरा गुडघे दाबून अ‍ॅडजस्ट करू का, काका?"

अक्का, मी कधी चारचौघांत मोठ्यानं बोलत नाही, तुला माहीत आहे. पण मी ओरडले, "कुणी हात लावायचा नाही तिला! वर घ्या! परत खणा!" दाजींचे थोरले भाऊ म्हणाले, "सुमनबाई, अशा टायमाला असं..." तेवढ्यात स्वामीच बोलले, "बाई खरं बोलतेत. माप चुकलंय. चप्पल कुणाची आणली?"

चप्पल गौरीची होती. तिची कॉलेजातली, तिनं टाकून दिलेली. तू ती किती वर्षं ओढलीस? टाच मागून बाहेर, बोटं पुढं मुडपलेली. आणि सगळ्या घराला वाटत होतं की ती तुझीच आहे, तुझ्याच मापाची आहे! मग गौरी पुढं आली. तुझ्या पायाशी बसून तिनं दोरा लावून तुझ्या पावलाचं खरं माप घेतलं. तुझी वाकडी झालेली बोटं तिनं एकेक करून सरळ धरली. ती रडत नव्हती, नुसती बघत होती.

परत खणायला वेळ लागला. ऊन कलायला आलं तरी कुणी घरी गेलं नाही. सगळी भावकी, शेजारपाजार, दुकानाची गिऱ्हाइकं, बांधावर बसून राहिली. अक्का, तुझ्या सासरचं अख्खं गाव पहिल्यांदा तुझ्यासाठी थांबलं होतं. मग तुला ऐसपैस बसवलं.

आता गौरीचं ऐक. लातुरात तिच्या सासरी शिकवणीच्या पोरांना खोल्या देतात, मेस चालवतात, हे तुला माहीतच होतं. तू गेल्यावर त्यांनी तिची दवाखान्यातली नोकरी सोडायला लावली. नर्सिंग झालेली पोरगी पहाटे उठून पोरांच्या पोळ्या लाटायला लागली. मग तिची खोलीही दोन पोरांना दिली. तिचं अंथरूण स्वयंपाकघरात, गॅसच्या टाकीशेजारी. जावई हॉलमध्ये. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण अंथरूणच ओढून घेतलं तर? नवरा म्हणतो, "परीक्षा होईपर्यंत अ‍ॅडजस्ट कर." परीक्षा झाली की नवी पोरं येतात, अक्का. लातुरात परीक्षा कधी संपतात?

गेल्या आठवड्यात ती माझ्या दारात उभी राहिली, हातात बॅग. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मावशी, आईच्या टायमाला तू परत खणा म्हणलीस. माझ्यासाठी कोण म्हणणार हाय? का मीबी गुडघे दाबून बसू?"

मी तिच्या हातातली बॅग घेतली. तिला आत घेतलं, पाणी दिलं. नुसतं जेवून घे एवढंच म्हणायची मला भीती वाटली, म्हणून आधी म्हटलं, "राहा. हवं तेवढं राहा." मग वाढलं.

तेव्हापासून फोनवर फोन चालू आहेत. दाजी रडतात. "सुमनताई, तिच्या आईची शेवटची इच्छा होती ओ, तुमच्याच हाती सोपवली होती." खरं आहे त्यांचं. म्हणूनच तर हा गळफास झालाय मला. तुझा शब्द पाळला तर तुझी पोरगी जाते, आणि पोरगी धरली तर तुझा शब्द जातो. तू ते का म्हणालीस हेही मला कळतं. तुला वाटलं असणार, पोरगी पिशवी घेऊन निघाली तर जाणार कुठं? तुला कुणी ठेवून घेतलं नव्हतं, मग तिला कोण घेईल? दुसरा रस्ता असतो हे तुला कुणी दाखवलंच नाही गं.

तर अक्का, उद्या मी मान हलवणार नाही. सगळ्यांसमोर सांगणार आहे, की गौरी येणार नाही. नांदेडच्या एका दवाखान्यात तिची नोकरी ठरतेय, सोमवारी भेटायला जायचंय. जावयाला बायको हवी असेल तर त्यानं इकडं यावं, माझी वरची खोली रिकामी आहे. नाही आला तर नाही. थोरले भाऊ म्हणतील, आईच्या शब्दाला मान नाही का? म्हणू देत.

तुला वाईट वाटेल? राग येईल? येऊ दे! सासूवर नाही, दाजींवर नाही, अप्पांवर नाही, आयुष्यात एकदाही तू कुणावर रागावली नाहीस. आता माझ्यावर रागाव. सुमीनं माझं ऐकलं नाही म्हणून ओरड, शिव्या दे, जन्मभराचा सगळा राग माझ्यावर काढ. मी तो ऐकून घेईन आणि तुझ्या पोरीला तरीही परत पाठवणार नाही.

तुझं न ऐकणारी,
धाकटी
सुमी