एंजल अजून खात नाहीत

१० जाने., शनि.
आणले शेवटी. चार एंजल मासे. दोन चंदेरी, काळ्या पट्ट्यांचे, एक पूर्ण काळा, एक पिवळसर. कोपर स्टेशनजवळच्या दुकानातून पिशवी मांडीवर घेऊन आले. रिक्षावाल्याला तीनदा सांगितलं, हळू चालव रे बाबा. मासा जिवंत राहावा म्हणून घरी आणायची आयुष्यातली पहिलीच वेळ.
हे खाटेवरून बघत होते. "कालवणाला पुरतीन का गो?" म्हणाले, आणि स्वतःच हसत बसले.
टाकी मुलाची न् सुनेची, निलेश-मानसीची. सप्टेंबरात माजिवड्याला राहायला गेले तेव्हा "नंतर नेऊ" म्हणून इथेच राहिली. त्यातले गप्पी मासे महिन्याभरात गेले. इरूला फोनवर कळलं. पाच वर्षांची पोर, दोन दिवस धड जेवली नाही म्हणे.
संध्याकाळी तिला व्हिडिओवर दाखवले. "आजी, पंख केवढे आहेत!" मग मानसी आली फोनवर. माझ्याशी बोलताना तिचा आवाज इस्त्री केलेला असतो. "आई, आधी टिकू देत. नीट खायला लागले की घेऊन येते तिला. मागच्यासारखं नको."
म्हणजे माशांनी खाल्लं की त्या दोघी येणार. चार महिने झाले नातीला जवळ घेऊन.

११, रवि.
नाही खाल्लं. दुकानदार म्हणालेला, नवीन जागा आहे, दोन दिवस काही घालू नका. पण दारात आलेल्याला उपाशी ठेवायचं? आमच्याकडे पाहुणा चप्पल काढतो तोवर तवा तापलेला असतो. चिमूटभर दाणे टाकलेच. थोडा वेळ तरंगले, मग तळाला बसले. चौघंही मागच्या कोपऱ्यात, पंपाच्या आड.
मेलेल्या माशाचं मला सगळं कळतं. वीस वर्षं बाजारात पाटी घेऊन बसले. डोळा बघून, कल्ला उचलून सांगेन, आजचा की कालचा. गुडघे गेले म्हणून बसणं सोडलं, नजर नाही गेली. पण जिवंत मासा भुकेला आहे की रुसलाय, हे ओळखायला कोणी शिकवलं नाही.

१२, सोम.
दाणे आवडत नसतील. फॅक्टरीतला माल, कोण खाईल? सकाळी भावजयीकडून खाडीची करंदी आणली, बारीक कोळंबी, उड्या मारणारी. सोलून, बारीक चेचून टाकली. चांगली मूठभर.
"माशांना करंदी आन मला भेंडी," इति हे.
स्टूल टाकून तासभर काचेसमोर बसले. खा ना रे. एवढंसं खा. काळ्याने एक कण तोंडात घेतला आणि थुंकला. खाडीची करंदी थुंकला! माझ्या सासूबाई असत्या तर टाकीसकट बाहेर काढला असता त्याला.
दुपारी परत बसले. तेच.

१३, मंगळ.
पाणी दुधासारखं झालंय. पिवळा आडवा, तरंगत. गेला.
तशीच दुकानात. दुकानदार चाळिशीचा, शांत माणूस. "काकी, किती घातलंत?" म्हटलं, मूठभर. त्याने कपाळाला हात लावला. "अहो, त्यांचं पोट त्यांच्या डोळ्याएवढं असतं. उरलेलं सगळं पाण्यात सडलं." पाव पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. दिवा बंद. काचेला कागद. "आणि समोर बसू नका. घाबरतात. एवढा मोठा चेहरा माझ्या ताटासमोर आला तर मी तरी जेवेन का?"
एरवी ऐकवलं असतं त्याला. आज पाण्याचं परत एकदा नीट विचारून घेतलं.
पिवळ्याला तुळशीच्या शेजारच्या कुंडीत पुरलं. यांना म्हटलं, हसलात तर बघा. नाही हसले.

१४, बुध. संक्रांत.
मा.चा फोन. "तिळगूळ घ्या, आई." "तू पण घे गं." एवढंच. मग तिने फोन इरूकडे दिला.
इरू: "आजी, सगळे खातात का?" म्हटलं, खातील हं. चौथा कुठेय विचारलं तर म्हटलं, पंपामागे लपलाय. सणासुदीला पोरीशी खोटं बोलले.
नि. मागून ओरडला, "आई, जेवलीस का?" रोज हेच विचारतो. दुसरं काही विचारायची त्याला भीती वाटते. दोघींच्या मधे पोरगा पार पिळून निघालाय, दिसतं मला.

१५, गुरु.
तिन्ही बाजूंना वर्तमानपत्र चिकटवलं. दुकानदाराने गोठवलेले लाल किडे दिलेत. चार टाकले आणि स्वयंपाकघरात गेले. बघायचं नाही. हात नुसते शिवशिवत होते.
भांडी घासताना मा. आठवली, लग्न होऊन आली तेव्हाची. साताऱ्याकडची, त्यांच्या घरात मासमच्छी शिजत नाही. आमच्याकडे ताटात मासा नसला तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. तिला वेगळं वरण-भात करायचे मी, नाही असं नाही. पण ती नुसती चिवडत बसायची. मग मी समोर पाट टाकून बसायचे. हे घे, ते घे. एवढंसं कालवण चाखून तर बघ, काटा काढून देते. अगं, प्रेमानेच. माझ्यासमोर तिचं ताट कधी संपलंच नाही. तरी बारीक झाली नाही. सात वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नाही, की मग ही जेवते कधी?
सप्टेंबरात इरूच्या डब्यात मी न विचारता बोंबील तळून घातले. तेव्हा म्हणालेली, "आई, तुम्ही माणसाला सुखाने गिळू पण देत नाही." पंधरा दिवसांत सामान हललं. नि. म्हणाला, ऑफिस जवळ पडतं. आणि मी ते वाक्य अख्ख्या आळीला ऐकवत फिरले. बघा, सून कशी बोलते.
आज भांडी घासता घासता ते तिच्या बाजूने ऐकू आलं. फार वाईट वाटलं. नळ चालू ठेवून रडले.

१६, शुक्र.
संध्याकाळी पीठ मळत होते. बाहेरून हे ओरडले, "गो, इकडं ये! नको, नको! येव नको! खातान!"
कागदाच्या फटीला डोळा लावून बसलेले. मी स्वयंपाकघराच्या दारात, पिठाचे हात वर धरून. आणि हे मला सांगतायत: "पट्टेवाल्यानं एक घेतला. दुसरा पन आला. काला नुसता बगतंय... आला गो, काला पन आला!"
मी एक पाऊल पुढे टाकलं नाही. पोळपाटाकडे परत गेले. चपात्या कसल्या झाल्या ते विचारू नका, नकाशे झाले.

१८, रवि.
आज तिसरा दिवस, खातायत. मा.ला मीच फोन केला. आधी पिवळ्याचं सांगितलं. एक गेला, माझ्या हाताने गेला, जास्त घातलं मी. ती म्हणाली, "असू दे, आई." ती इस्त्री जरा मोडल्यासारखी वाटली.
मग धीर करून विचारलं, "मानसी, तू आमच्याकडे नवीन होतीस तेव्हा जेवायचीस कधी गं?"
तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.
"तुम्ही बाजारात गेलात की," म्हणाली. "बाबा वाढायचे. शेंगदाण्याची चटणी कुटून द्यायचे. आणि खाली जाऊन बसायचे, पत्ते खेळायला."
बाबा! म्हणजे हे! ज्या माणसाने मला कधी पाण्याचा तांब्या आणून दिला नाही!
फोन ठेवल्यावर खाटेसमोर जाऊन उभी राहिले. हे छताकडे बघत म्हणाले, "तुला सांगितला असता, तर तू तवा पन पाट टाकून बसली असतीस."
तोंडावर मारल्यासारखं उत्तर, आणि खरं.
मा. फोन ठेवताना म्हणालेली, "पुढच्या रविवारी बघते. नक्की नाही सांगत, आई." मी म्हटलं, तुझ्या सोयीने. एरवी दहा वेळा म्हटलं असतं, ये गं, येच. जीभ दाताखाली धरली.

२१, बुध.
एका बाजूचा कागद काढला. मी लांब स्टुलावर, तोंड दुसरीकडे करून. खाल्लं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतात, तेवढेच. काय देखणी जात आहे ही! डोळे भरून बघावंसं वाटतं.
इरूचा फ्रॉक सापडला कपाटाच्या मागे. आता होणार नाही तिला. उंची वाढली असेल. व्हिडिओत उंची कळत नाही.

२४, शनि.
उद्या रविवार. फोन नाही अजून. मी केला नाही. सकाळपासून पाच वेळा हातात घेतला आणि ठेवला.
घरात आज मासा नाही, वांगी आणलीत. हे फुगून बसलेत, तरी चटणी त्यांनीच कुटली. मला खलबत्त्याला हात लावू दिला नाही.
ठरवलंय. आल्याच, तर ताटं वाढायची आणि आपण गॅलरीत जायचं, कपडे वाळत घालायला. जेवणं होईपर्यंत आत यायचं नाही. कोणी किती खाल्लं, काय टाकलं, बघायचं नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला नाय जमायचा गो."
नाहीच जमणार बहुतेक. चार महिने जिच्यासाठी जीव तुटतोय ती आत माझ्या घरात बसून घास घेणार, आणि मी दोरीवरच्या टॉवेलकडे बघत उभी राहणार.
तरी धुतलेल्या चादरीसुद्धा काढून परत भिजवल्यात. दोन बादल्या होतील. पुरायला हव्यात.