नऊ तास

१४ जुलै, सोमवार. धार

आज पुन्हा! फोडणीचा ठसका लागला, खोकले — आणि गेलं. गॅससमोर, उभ्या उभ्या. थेंब-दोन थेंब नाही, चांगलं ओलं. सासूबाई मागेच भाजी निवडत बसल्या होत्या. मी मुद्दाम ओट्यावरचं पाणी साडीवर सांडून घेतलं आणि बदलायला गेले.

स्वानंद चार महिन्यांचा झाला. डिलिव्हरीवाल्या डॉक्टरीणबाईंना दुसऱ्यांदा फोन केला. “कीगल करो बेटा, सबको होता है.” करतेच आहे. चार महिने आतलं आवळते आहे.

आठ सप्टेंबरला कंपनीत हजर व्हायचंय. छप्पन्न दिवस उरले. प्रयोगशाळेत एकदा तो गाऊन चढवला, मास्क-मोजे घातले की चार तास बाहेर येता येत नाही. आणि त्याआधी पीथमपूरची शिफ्टची बस, सव्वा तास. ती मधे घाटाबिल्लोदला थांबते — पुरुषांसाठी. पंपावर बायकांचंही आहे, पण आम्ही चौघी उतरत नाही. ड्रायव्हर खंडोजी दर वेळी आरशात न बघता विचारतात, “ताई लोक?” आम्ही मोबाइल बघतो.

पॅड लावून जाता येईल. पण गाऊनच्या आत चार तास ओलं? वास आला तर?

१७ जुलै

नवऱ्यापासून लपवणार किती? पियुषला सांगावंच लागलं. ऐकून घेतलं त्याने, हसला नाही. पण न विचारता रात्रीच काहीतरी मागवून टाकलं. आज आलं — मांड्यांमध्ये धरून दाबायची स्प्रिंग. डब्यावर बाई हसते आहे.

“इसी का वीडियो आया था, कृती. रोज़ सौ बार.”

ते मांड्यांचं आहे, आतल्या स्नायूंचं नाही, असं म्हटलं. “सब जुड़ा हुआ है अंदर से,” म्हणाला. हा दुकानात पाण्याचे पंप विकतो!

२० जुलै

तीन दिवस फक्त वाचते आहे. वजनं असतात, छोटी, सिलिकॉनची, आत ठेवून चालायचं — पडू न देणं हाच व्यायाम. दुसरं मशीन, आत ठेवून आवळायचं, मोबाइलवर आकडा येतो. तिसरं करंटचं. करंटवाल्याच्या पुस्तिकेत सूचना कमी आणि इशारे जास्त, ते नको. सगळीकडे एक ओळ आहे — आधी तपासून घ्या. धारमध्ये कोणाकडे? ज्याच्याकडे जावं तिथे सासूबाईंची ओळख.

वजनं मागवली. स्वतःच्या नावावर.

२४ जुलै

सहा आली. फिकट गुलाबीपासून जांभळ्यापर्यंत, प्रत्येकाला शेपटीसारखी दोरी. सगळ्यात हलकं घेऊन पंधरा मिनिटं चालायचं असं लिहिलंय. मी तीस मिनिटं चालले. पंधरात झालं नाही तर कोण जबाबदार?

साबणाने धुतली, न्हाणीघराच्या खिडकीत रुमालाखाली वाळत ठेवली.

२६ जुलै

लिहितानाही कान तापतायत.

दुपारी झोपून उठले तर स्वानंदच्या पाळण्यावर सहाच्या सहा! दोऱ्यांनी ओळीत बांधलेली, गुलाबी ते जांभळी, झुलतायत. तो हात मारून हसतो आहे. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “अगं, खिडकीत कुठे ठेवलंस बाळाचं खेळणं? मी छान उकळून घेतली.”

तेवढ्यात शेजारच्या जयाकाकू. एकाला टिचकी मारून म्हणाल्या, “कित्ती नरम! इंदौरहून आणलं का गं?”

“ऑनलाइन,” मी म्हटलं. खोटं बोलले नाही.

आता काढायची कशी? काढली तर का काढली? तशीच राहू दिली. रात्री पियुषने बघितलं आणि उशीत तोंड खुपसून हसत राहिला. मी भिंतीकडे तोंड केलं.

२७ जुलै, रविवार

आज लेकीची, नीरजाची मराठी. पाच वर्षांची आहे, शाळा हिंदी-इंग्रजी. मराठी मी घरीच शिकवते, मला आत्याने शिकवली तशी. देवासला आमच्या घरी कल्पनाआत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाटी देऊन बसवायची. आत ती सोवळ्यात, बाहेर मी. ळ काढायला तिथेच शिकले, आणि सोवळ्यात काय चालतं काय नाही तेही तिथेच. रेशमी नेसल्यावर कोणाला शिवायचं नाही. मोरीकडे जाऊन आलं तर पुन्हा अंघोळ, पुन्हा धुतलेलं नेसणं. म्हणून जायचंच नाही.

धडा झाला की नीरजाला गोष्ट लागते. तिची आवडती एकच. आई आठ वर्षांची होती. घरी महालक्ष्म्या आल्या. आई पहाटे पाचला न्हाली, रेशमी परकर नेसली आणि आत्याच्या हाताखाली दुपारी दोनपर्यंत उभी राहिली. पाणी प्यायली नाही, एकदाही मोरीकडे गेली नाही. किती तास?

“नऊऊऊ!” नीरजा ओरडते.

आणि आत्या सगळ्यांदेखत काय म्हणाली? “मुलगी म्हणजे अशी. धरून ठेवता आलं पाहिजे.”

अजून सांगताना छाती फुगते माझी. कोणी माझं इतकं कौतुक कधी केलं नाही, एमएस्सीत पहिली आले तेव्हाही नाही.

१ ऑगस्ट

आकड्याचं मशीनही मागवलं होतं, आज आलं. माझ्या जुन्या फोनवर त्याचं अ‍ॅप चालत नाही. पियुषच्या फोनवर जोडलं. आवळलं की पडद्यावर कमळ मिटतं, सोडलं की उमलतं असं म्हणे. माझं मिटतं छान.

पहिला आकडा — नऊ. शुभ वाटलं!

४ ऑगस्ट

दिवसाला एकदा, पाच मिनिटं, असं आहे. मी सहा वेळा करते. मधे स्वानंद रडला तर राहिलेलं पहिल्यापासून. आकडा सतरा.

पियुषच्या फोनवर दुकानात सूचना जाते. संध्याकाळी दारातच — “आज सत्रह! बढ़िया. कल बीस मार.”

माझ्या अंगाचा स्कोअर मला तो सांगतो.

७ ऑगस्ट

आकडा तेवीस. आज पायरी उतरतानाही गेलं. खोकला नाही, शिंक नाही, नुसती पायरी.

बसलं की आत दुखतं, मुठीत धरल्यासारखं. रात्री पियुष जवळ आला तर मी ओरडलेच. त्याने पाठ केली. “चार महीने से यही चल रहा है.” पाच. पण सांगितलं नाही.

कमी पडतंय. उद्यापासून आठ वेळा.

९ ऑगस्ट. देवास

राखीला माहेरी. आत्या थकली आहे. जेवताना दोनदा उठली, “साखरेचं,” म्हणाली. पलंगावर चादरीखाली प्लास्टिक घातलेलं दिसलं. तिने चादर नीट केली.

११ ऑगस्ट. देवास

नेहा शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायची. आता इथे फिजिओथेरपी करते, बायकांचंच. मशीन पिशवीत घालून गेले. तिने पिशवी उघडलीही नाही. आधी तपासते म्हणाली. विचारून, सांगून, हळूहळू. मग तिच्या मशीनला जोडलं. तिच्या पडद्यावर कमळ वगैरे नाही, साधी रेघ.

“आवळ.” रेघ वर.

“सोड.”

“सोडलं.”

“नाही सोडलंस.”

“अगं, सोडलं!”

तिने पडदा माझ्याकडे फिरवला. तळाला एक हिरवी रेघ होती, तिथपर्यंत यायला हवं. माझी रेघ वरच अडकलेली. आम्ही दोघी किती तरी वेळ बघत बसलो. खालीच येईना.

“तुझ्यात ताकद कमी नाहीये कृतिका. तू दिवसभर मूठ वळून बसली आहेस. दमलेली मूठ — खोकला आला की अजून काय आवळणार ती? आणि वर तू तिला आठ वेळा व्यायाम!”

मग विचारलं, “लहानपणापासून धरून ठेवायची सवय?”

मी हसून नऊ तासांची गोष्ट सांगितली. सांगताना नेहमीसारखी आत्याचं वाक्य येईपर्यंत थांबले. नेहा हसली नाही. लिहीत होती. मग म्हणाली, “आठ वर्षांची होतीस?”

बस. एवढंच.

आता मशीन बंद, वजनं पाळण्यावरच राहू देत. आडवं पडून श्वास घ्यायचा आणि सोडायचं. पाणी प्यायचं. लागली की जायचं, धरायचं नाही, कुठेही असलं तरी. “आठ तारखेला जाता येईल?” “आत्ता अजिबात न धरता राहिलीस तर फरक पडेल. पुन्हा तासन्‌तास धरलंस तर परत इथेच.”

रिक्षात रडले. पोरींना अ आ शिकवतात. सोडायला कोणी शिकवत नाही.

१३ ऑगस्ट. धार

पियुषला सांगितलं. पहिला प्रश्न — “तो मशीन वापस हो जाएगी?”

१९ ऑगस्ट

सोडणं जमत नाही! आडवी पडते, श्वास घेते, आणि दात आवळलेले असतात. पण पाणी पिते, लागलं की जाते. पायरीवर गेलं नाही दोन दिवस.

२२ ऑगस्ट

सासूबाईंशी बोलले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महालक्ष्म्यांचा स्वयंपाक यंदा माझ्या एकटीवर. म्हटलं, मला मधे मधे जावं लागेल, डॉक्टरांनी धरायचं नाही सांगितलंय.

“मग काय, दर वेळी अंघोळ? चार चार अंघोळी करशील तर नैवेद्य संध्याकाळी होईल.”

“सोवळं थोडं—”

“त्या वर्षातून एकदा येतात. तुझं तर रोजचंच आहे.”

उमाबाई सासू म्हणून वाईट नाहीत. चाळीस वर्षं याच ओट्याशी उभ्या राहिल्या, कधी तक्रार नाही. हेच तर त्या सांगतात.

पियुष म्हणतो, “दो दिन की बात है यार, अ‍ॅडजस्ट कर ले. और नौकरी छोड़ना हो तो छोड़ दे, दो बच्चे हैं, कोई कुछ नहीं बोलेगा.”

कोणी काही बोलणार नाही. खरं आहे.

३१ ऑगस्ट

महालक्ष्म्या आल्या. नीरजाला यंदा पहिल्यांदा रेशमी परकर — सासूबाईंनी स्वतः शिवून घेतला. पावलांवरून मुखवटे आणताना घंटी तिने वाजवली. उद्या आत फुलं-दूर्वा देईल म्हणे.

रात्रीपासून मी पाणी बंद केलं. माहीत असून.

१ सप्टेंबर, सोमवार

पहाटे साडेचारला अंघोळ. सोळा भाज्या, पुरण, कढी, वडे. अकरापर्यंत धरलं. मग मिरचीचा धूर — खोकला आला. पुरण ढवळत होते. गेलं. रेशमी आतून भिजलं, पायावर आलं.

मला एकटीला माहीत. सांगितलं तर सगळं टाकायचं, पुन्हा अंघोळ, पुन्हा सोळा भाज्या, बाहेर सवाष्णी येऊन बसलेल्या. नाही सांगितलं तर... आत्या म्हणायची, माणसांना कळत नाही, तिला कळतं.

ढवळत राहिले. तळाला लागू नये म्हणून.

पुरण वाटलं, नैवेद्य दाखवला, आरती झाली. सगळ्या म्हणाल्या, उमाबाई, पुरण काय झालंय! मी सगळ्यांना हात जोडले. गौरीच्या तोंडाकडे बघवेना.

आणि काही झालं नाही. तिने खाल्लं, सगळ्यांनी खाल्लं.

संध्याकाळी उठता बसता गेलं. तीन आठवड्यांचं सगळं एका दिवसात. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला आहे. कारण — कौटुंबिक. हेही खोटं नाही. उद्या विसर्जन झालं की पाठवते.

२ सप्टेंबर

निरोपाचा दहीभात कालवत होते. नीरजा उंबऱ्याशी फुलांची ताटली घेऊन उभी होती. पाय एकावर एक घट्ट, ओठ दातात, कपाळावर घाम.

“काय झालं गं?”

“काही नाही. मी धरलंय. पाच तास झाले आई. तुझे नऊ.”

सोवळ्यातून बाहेर धावले. दह्याच्या हाताने उचललं तिला. सासूबाई मागून, “अगं शिवलीस! नैवेद्य—” “हो, शिवले! कालही सोवळं मोडलं होतं, पुरण ढवळताना, आणि गौरीने खाल्लं!” मी ओरडले. पहिल्यांदा, त्यांच्यावर.

न्हाणीघराचं दार लावलं. ती बसायलाच तयार नाही. “चार राहिले ना!” म्हटलं, बाळा, ती गोष्ट मी चुकीची सांगितली. सोड. हिला तरी सोडता आलं. ती रडत रडत करत राहिली, मी तिच्यासमोर ओल्या फरशीवर बसून राहिले. बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं.

मेल आत्ता, हे लिहिण्याआधी, पुसून टाकला. आठ तारखेला घाटाबिल्लोदला खंडोजींनी विचारलं की मी उतरणार.

“झालं?” मी तिथे फरशीवरूनच विचारलं होतं.

“थांब ना आई. अजून येतंय.”