मधल्या प्रवासाचं औषध

अन्नपूर्णा, इंदूर
५ जानेवारी २०२५

चि. सुमेधास,
दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तुझ्या येण्याचा विषय काढला की तू विषय पोह्यांवर नेतेस, म्हणून हे पत्र. दोन वर्षं झाली, नुसतं बघू बघू चाललंय. आमची सूनबाई शलाका म्हणते, आत्यांना आता इंदूरची धूळ सोसत नसेल. मी तिला गप्प केलं, पण खरं सांगायचं तर मलाही राग आलाय.

माझा काचबिंदू वाढलाय. उरलीसुरली नजरही वर्षभरात जाईल, असं डॉक्टर म्हणाले. सध्या समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाही. परवा दारातल्या स्कूटरवर जाऊन आदळलो. दिसतंय तोवर तुला एकदा बघायचंय, बस.

रागावलोय, पण माया त्याहून जुनी आहे.
तुझा दादा, दिनानाथ

२८ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं वेडंवाकडं, मोठं झालेलं अक्षर पाहिलं आणि वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. केमोने कॅन्सर गेला हे तुला ठाऊक आहे. पायांतल्या नसा मात्र तेव्हापासून जळताहेत. सगळ्या गोळ्या करून झाल्या. ज्याच्या जोरावर मी बसते, झोपते, ते जिभेखाली घ्यायचं गांजाचं तेल आहे. हो दादा, गांजाचं.

अमेरिकेतल्या या आमच्या राज्यात ते फक्त औषध म्हणून चालतं. डॉक्टरची सही, सरकारी कार्ड, त्यावर माझा चोरासारखा फोटो. ज्या आजारांना कार्ड मिळतं त्यांत काचबिंदूही आहे. तू इथे असतास तर आपण एकाच रांगेत उभे राहिलो असतो. पण राज्याची हद्द ओलांडली की कार्डाला किंमत नाही. विमानात तेल नेता येत नाही, आणि नेलंच तर तिकडे उतरल्यावर जेल. त्याच्याशिवाय मला तासभर खुर्चीत बसवत नाही. कशी येऊ? फार थकलेय रे.

शलाकाला सांगू नकोस. जीव लावतोस, तसाच लावत राहा.
तुझी सुमेधा

२० फेब्रुवारी २०२५

चि. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

पत्र भिंगाने दोनदा वाचलं. राग कुठल्या कुठे गेला. आपल्या घरात गंजेडी निघाली, तीही तू, शिवरात्रीच्या ठंडाईचा पेला लांबूनच परत करणारी.

रिक्षा करून सरकारमान्य भांगेच्या दुकानात गेलो. दुकानदार इंदुरी थाटात भैयाचं भिया भिया करत म्हणाला, पत्ती पाहिजे तेवढी न्या, फूल, म्हणजे गांजा, मागाल तर आपण दोघेही अंदर. एकाच झाडाच्या पानाला परवाना आणि फुलाला तुरुंग. मग जुनी इंदूर भागातल्या वैद्यांकडे गेलो. पानांचं औषध आहे, त्याला विजया म्हणतात, चिठ्ठीवर मिळतं, पण रोगी समोर हवा, असं ते म्हणाले. ते मिळालं असतं तर लवंगी शेवेच्या पुड्यात घालून पाठवणार होतो. शलाकाने तो विचारही करू दिला नाही. हो, तिला सांगावंच लागलं, रिक्षात तीच सोबत होती. घरी येऊन रडली.

तर तुझ्या दारात औषध आहे, माझ्या दारात कदाचित मिळेल. मधल्या प्रवासाला मात्र काही नाही, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. तू येऊ नकोस. तुला वेदनांत बघण्यापेक्षा जुना फोटो बरा.

मनात आहेस, तिथे नजर लागत नाही.
दादा

१२ मार्च २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

तिकीट काढलं. रामनवमीच्या आधी पोचते. मधे एक दिवस मुक्काम करीन, जुन्या गोळ्या घेईन. त्यांनी भागणार नाही हे मला माहीत आहे. दुखेल, दुखू दे. फोटोतली मी चाळीस वर्षांची आहे, तिला काय बघायचं? वैद्यांना सांगून ठेव. शलाकाला म्हणावं, धूळ अजून सोसते.

बाजूचं दिसत नाही म्हणतोस ना, मग विमानतळावर मी अगदी तुझ्या समोर येऊन उभी राहीन. चेहरा नीट बघून घे. खाली पायांकडे मात्र बघू नकोस.

लोभ भेटीपर्यंत पुरवून ठेव.
तुझी सुमेधा